पाम आणि लिनक्स : सिंक नेमकं कुठे अडतं?

आजचा विषय काही जणांना जुनाट वाटेल. पाम पायलट, व्हायझर, ट्रिओ ही नावं आता दुकानात ऐकू येत नाहीत. पण दिवाळीच्या आवराआवरीत एखाद्या खणातून असं यंत्र निघतं आणि मग प्रश्न सुरू होतात. यात सगळ्यांचे पत्ते आहेत, कामाची टिपणं आहेत, कदाचित घरातल्या एखाद्या माणसाच्या हातची रोजनिशी आहे. घरातला संगणक लिनक्सवर चालतो. यंत्र क्रेडलमध्ये ठेवलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. आता काय करायचं?

‘सिंक होत नाही’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. डॉक्टरांना नुसतं ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं आहे ते. सिंक ही एकच घटना वाटते, पण ती पाच-सहा कड्यांची साखळी आहे. कुठली कडी तुटली ते कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते. ते न कळता हातात येईल ते बटण दाबत बसलं तर माहिती कायमची जाऊ शकते. म्हणून आज आपण कडीमागून कडी तपासत जाऊ.

एक सूचना. हे व्याख्यानाचं शब्दांकन असल्यामुळे आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत करायची.

आधी जपायचं काय?

पहिला पायलट १९९६ साली आला. पायलट १००० मध्ये १२८ किलोबाइट मेमरी होती, पायलट ५००० मध्ये ५१२. तुमची सगळी माहिती याच मेमरीत, म्हणजे रॅममध्ये राहायची. रॅमला वीज लागते. दोन बारीक पेन्सिल सेल संपले आणि वेळेवर बदलले नाहीत की आतलं सगळं पुसलं जायचं. पुढे पाम फाइव्हमध्ये चार्ज होणारी बॅटरी आली, पण तत्त्व तेच राहिलं. बॅटरी पूर्ण उतरली की पाटी कोरी. वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी २००४-०५ च्या सुमारास टंगस्टन टी५, ट्रिओ ६५०, टंगस्टन ई२, टीएक्स अशा मॉडेलांत आली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खणात निघालेला पाम थ्री दहा वर्षं सेलशिवाय पडून असेल तर त्यात काही उरलेलं नाही, कितीही सिंक करा. टीएक्स किंवा ट्रिओ ६५० असेल तर चार्ज केल्यावर माहिती जशीच्या तशी मिळण्याची चांगली शक्यता आहे. आणि तुमचा जुना पाम आजही रोज वापरात असेल तर तुमची माहिती त्या दोन सेलांच्या जिवावर उभी आहे. अशा यंत्राचे सेल ‘आधी बदलून घेऊ, मग सिंक करू’ असं म्हणू नका. सेल काढल्यावर माहिती जेमतेम मिनिटभर टिकेल अशी सोय आत असते, पण वीस वर्षांनंतर तिच्यावर विसंबणं बरं नाही. चालू आहे तोवर आधी नक्कल काढा, सेल नंतर बदला.

दुसरी खबरदारी रीसेटची. मागच्या बाजूच्या भोकात टाचणी घालून होतो तो सॉफ्ट रीसेट. यंत्र पुन्हा सुरू होतं, माहिती राहते. पॉवरचं बटण दाबून धरून तेच केलं तर तो हार्ड रीसेट, आणि त्यात सगळं पुसलं जातं. लिनक्सच्या कर्नलबरोबर येणाऱ्या टिपणात, यंत्र दिसत नसेल तर आधी सौम्य आणि गरज पडली तर कडक रीसेट करून पाहा, असा सल्ला आहे. रिकाम्या यंत्रासाठी तो ठीक आहे. आत माहिती असेल तर दुसऱ्या पायरीवर जायचं नाही.

बटण दाबल्यावर काय होतं?

विंडोजवर हॉटसिंक मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम पाठीमागे कायम कान देऊन बसलेला असायचा. क्रेडलचं बटण दाबलं की पाम हाक मारायचा आणि हा ओ द्यायचा. संवादाची सुरुवात नेहमी पामकडून होते, संगणकाकडून नाही. लिनक्सवर असं कान देऊन बसणारं कुणी आपोआप नसतं. पायलट-लिंक नावाचा साधनांचा संच, किंवा त्याच्यावर बांधलेला जे-पायलटसारखा खिडक्यांचा प्रोग्रॅम, आपण योग्य वेळी चालू करावा लागतो. ‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण निम्मी गडबड तिथेच होते.

जुन्या सिरियल क्रेडलमध्ये संगणकाचं पोर्ट कायम हजर असतं. तिथे आधी प्रोग्रॅम चालू करायचा, तो वाट बघत बसतो, मग बटण दाबायचं. यूएसबीवर हे उलटं आहे. व्हायझर १९९९ मध्ये यूएसबी क्रेडल घेऊन आला, पामची एम५०० मालिका २००१ मध्ये. ही यंत्रं नुसती केबलला जोडून ठेवली तर संगणकाला दिसतच नाहीत. बटण दाबल्यावर ती यूएसबीवर प्रकट होतात, थोडा वेळ थांबतात, कुणी बोललं नाही तर निघून जातात. तेव्हा प्रोग्रॅम आधी चालू केला तर त्याला पोर्टच सापडत नाही आणि ‘असं काही उपकरण नाही’ म्हणून तो बंद होतो. म्हणून यूएसबीवर आधी बटण, एक-दोन सेकंद थांबायचं, मग प्रोग्रॅम. आज्ञा आधीच टाइप करून ठेवा, बटण दाबा, मनात दोन अंक मोजा आणि एंटर मारा.

एवढं पाळूनही जमलं नाही तर पुढे चला.

पहिली कडी : कर्नलला यंत्र दिसतं का?

एक टर्मिनल उघडा आणि कर्नलची नोंदवही चालू ठेवा. आज्ञा आहे डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं, पुढे डॅश डब्ल्यू. नव्या डिस्ट्रोंमध्ये तिच्या आधी सुडो लावावं लागेल. आता पामचं बटण दाबा आणि पडद्याकडे बघा.

काहीच उमटलं नाही तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. दोष त्याच्या अलीकडे आहे. क्रेडलच्या पिना मळल्यात का, यंत्र नीट बसलंय का, केबल दुसऱ्या भोकात लावून बघा, मधला यूएसबी हब काढा. पामच्या पडद्यावर हॉटसिंकची खिडकी तरी उघडली का? नसेल उघडली तर क्रेडलचं बटणच लागत नाहीये. मग पामवरच्या हॉटसिंक प्रोग्रॅममधून पडद्यावरचं बटण दाबा. तिथे ‘क्रेडल’ किंवा ‘केबल’ ऐवजी मोडेम किंवा इन्फ्रारेड निवडलेलं असेल तर तेही बदला. मग सॉफ्ट रीसेट करा आणि पुन्हा बघा.

काहीतरी उमटलं, पण चालकाचं नाव आलं नाही, तर एलएस-यूएसबी ही आज्ञा चालवा. पामचा उत्पादक क्रमांक ०८३०, हॅंडस्प्रिंगचा ०८२डी, सोनीचा ०५४सी. यातला एखादा दिसला म्हणजे तार ठीक आहे, फक्त ‘व्हायझर’ नावाचा कर्नल मोड्यूल चढलेला नाही. तो मॉडप्रोबने चढवा.

सगळं ठीक असेल तर ‘हॅंडस्प्रिंग व्हायझर / पाम ओएस’ असं नाव येतं. यंत्र पामचं असलं तरी नाव हेच येतं, गोंधळू नका. तो चालक मुळात व्हायझरसाठी लिहिला गेला, म्हणून नाव राहिलं.

दुसरी कडी : कुठलं पोर्ट?

बहुतेक यंत्रं दोन पोर्ट उघडतात, टीटीवाय-यूएसबी-० आणि टीटीवाय-यूएसबी-१. एक सर्वसाधारण कामाचं, दुसरं हॉटसिंकचं. सहसा हॉटसिंक दुसऱ्यावर, म्हणजे १ वर असतं. पण सोनीच्या काही क्लिए यंत्रांना, विशेषतः पाम ओएस ३.५ वाल्यांना, ० लागतं. अंदाज बांधत बसायची गरज नाही. कुठलं पोर्ट हॉटसिंकचं आहे ते तीच नोंदवही सांगते. ती ओळ वाचायची आणि तोच क्रमांक वापरायचा.

इथे एक फसवी अडचण येते. काल १ वर चाललं, आज चालत नाही. कारण संगणकाला दुसरं एखादं यूएसबी-सिरियल उपकरण जोडलेलं असतं आणि क्रमांक एकाने पुढे सरकतात. किंवा मागच्या वेळचा अडकलेला प्रोग्रॅम जुनं पोर्ट अजून धरून बसलेला असतो, म्हणून पामला नवा क्रमांक मिळतो. कायमचा उपाय म्हणजे यूडेव्हचा नियम लिहून त्या पोर्टला ‘पायलट’ असं ठरलेलं नाव देणं. एकदाच काम करायचं असेल तर एवढा खटाटोप नको. नोंदवही बघून क्रमांक टाका.

सिरियल क्रेडल असेल तर विंडोजवरचं कॉम १ म्हणजे इथे टीटीवाय-एस-०. आजच्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतं, मग यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावतात. कन्व्हर्टर हे स्वतःच एक उपकरण असल्यामुळे त्याचं पोर्ट कायम दिसतं. म्हणून कन्व्हर्टर असताना क्रम सिरियलचाच: आधी प्रोग्रॅम, मग बटण.

तिसरी कडी : परवानगी आहे का, आणि पोर्ट मोकळं आहे का?

‘परवानगी नाही’ असा निरोप आला तर बरंच झालं, कारण तो स्पष्ट आहे. डेबियन आणि उबुंटूवर ही पोर्टं ‘डायलआउट’ गटाची असतात, काही डिस्ट्रोंवर ‘यूयूसीपी’ गटाची. स्वतःला त्या गटात घाला, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. ही दुसरी पायरी विसरली की बदल लागूच होत नाही आणि माणूस उगाच भलतीकडे शोधत बसतो. सुडोने चालवलं आणि चाललं, तर दोष परवानगीचाच आहे हे सिद्ध झालं. पण कायम सुडोने चालवू नका. जे-पायलटच्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढे तुम्हालाच त्या लिहिता येत नाहीत.

निरोप ‘पोर्ट व्यस्त आहे’ असा आला तर दुसरं कुणीतरी ते धरून बसलंय. जुन्या काळी केपायलट किंवा नोम-पायलटचा पाठीमागे चालणारा भाग हे करायचा. एका वेळी एकच सिंक प्रोग्रॅम, हा नियम. आज दोषी वेगळे असतात. मोडेम-मॅनेजर नावाची सेवा नवं सिरियल पोर्ट दिसलं की ते मोडेम आहे का हे विचारत बसते. ब्रेल पडद्यांसाठीची बीआरएल-टीटीवाय ही सेवा काही स्वस्त कन्व्हर्टरना ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. फ्यूजर या आज्ञेपुढे पोर्टचं नाव दिलं की कोण बसलंय ते कळतं. तुमच्या घरी ब्रेल पडदा किंवा मोडेम वापरात नसेल तर ती सेवा तात्पुरती थांबवा.

याच गटातला आणखी एक झगडा आहे. पायलट-लिंकच्या ०.१२ आवृत्तीपासून कर्नलचा चालक न वापरता थेट लिब-यूएसबीतून बोलता येतं. तेव्हा पोर्टच्या जागी नुसतं ‘यूएसबी’ आणि विसर्गचिन्ह लिहायचं. पण तोवर व्हायझर मोड्यूल चढलेला असेल तर एका यंत्राला दोन धनी होतात. ही वाट घ्यायची तर मोड्यूल उतरवा. मोड्यूलची वाट घ्यायची तर लिब-यूएसबीची नको. दोन्ही एकदम चालत नाहीत.

चौथी कडी : बोलणं सुरू होतं का?

इथे लगेच मोठं सिंक करू नका. आधी नुसती हाक मारून बघा. पायलट-लिंकमध्ये पायलट-डीएलपीएसएच नावाचा छोटा शेल आहे. तो जोडला गेला की ‘यूजर’ असं टाइप करा. पामच्या मालकाचं नाव आणि क्रमांक दिसला म्हणजे तारेपासून संवादापर्यंत सगळं ठीक आहे.

सिरियलवर संवाद ९६०० बॉडच्या संथ गतीने सुरू होतो आणि दोघांचं ठरलं की वेग वाढतो. म्हणून ओळख होते पण मोठी फाइल आली की मध्येच अडतं, असं होत असेल तर वेग वाढवतानाच बिघडतंय असा संशय घ्या. पायलट-रेट या चलात ९६०० ठेवा. वेळ जाईल, पण काम होईल.

पाचवी कडी : हा पाम कुणाचा?

नव्या किंवा हार्ड रीसेट झालेल्या पामला नाव नसतं, त्याचा वापरकर्ता क्रमांक शून्य असतो. जे-पायलट अशा यंत्राशी सिंक करायला नकार देतो. त्यात नाव घालायची सोय आहे, पायलट-लिंकमध्ये इन्स्टॉल-यूजर ही आज्ञा आहे. नाव किंवा क्रमांक मागच्या वेळपेक्षा वेगळा दिसला तरी जे-पायलट थांबतो आणि विचारतो. हा अडथळा त्रासाचा वाटतो, पण तो तुमच्या भल्यासाठी आहे. दोन वेगळ्या माणसांच्या पत्त्यांची खिचडी होऊ नये म्हणून तो आहे. ‘हो, हो’ करत पुढे जाऊ नका. नाव वाचा.

आधी नक्कल, मग सिंक

नक्कल आणि सिंक यांत मूलभूत फरक आहे. नक्कल एकाच दिशेने जाते, पामकडून संगणकाकडे. सिंक दोन्ही दिशांनी जातं आणि त्यात निर्णय घेतले जातात. पामवरच्या प्रत्येक नोंदीला छोटे झेंडे असतात, ‘बदललेली’, ‘खोडलेली’, ‘खाजगी’ असे. तुम्ही खोडलेली नोंदही पुढच्या सिंकपर्यंत एक खूण मागे ठेवते, संगणकावरूनही ती काढली जावी म्हणून. मागच्या वेळी याच संगणकाशी सिंक केलं असेल तर फक्त हे झेंडे बघून काम भागतं. संगणक वेगळा असेल तर सगळ्या नोंदी एकेक करून ताडाव्या लागतात. मग नोंदी दुप्पट होणं वगैरे प्रकार इथेच घडतात.

म्हणून पहिल्यांदा संबंध आला की आधी नक्कल. आज्ञा पायलट-एक्सफर, स्पेलिंगमध्ये पायलटनंतर डॅश आणि एक्स, एफ, ई, आर. डॅश पी आणि पोर्टचं नाव, डॅश बी आणि आजच्या तारखेच्या नव्या फोल्डरचं नाव. डॅश बी ऐवजी डॅश एस टाकू नका. डॅश एस पामवरून गेलेल्या फायली तुमच्या फोल्डरमधूनही काढून टाकतो. नुकत्याच पुसल्या गेलेल्या पामशी जुन्या नकलेच्या फोल्डरवर हा प्रयोग केला तर उरलेली एकमेव प्रतही जाईल.

नक्कल एखाद्या नावापाशी अडून राहिली तर तेवढा डेटाबेस खराब असू शकतो. त्याचं नाव एका फाइलीत लिहून डॅश ई ने तो वगळा. बॅटरी अगदीच तोळामासा असेल तर पूर्ण नकलेचा हट्टही सोडा. डॅश एफ ने एकेक डेटाबेस मागता येतो. जुन्या यंत्रांवर अॅड्रेस-डीबी, डेटबुक-डीबी, मेमो-डीबी आणि टूडू-डीबी हे चार आधी काढा. खेळ आणि शब्दकोश नंतर.

नव्या टंगस्टन, ट्रिओ वगैरेंवर पत्ते ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि रोजनिशी ‘कॅलेंडर’ अशा नावांच्या वेगळ्या डेटाबेसांत असते. जे-पायलटमध्ये पत्ते अर्धवट किंवा जुनेच दिसत असतील तर माहिती हरवली असं समजू नका. पसंतीच्या खिडकीत जुना प्रकार निवडलेला असतो, तो बदला.

आणि नकलेचं फोल्डर जपून ठेवा. पामवर ‘खाजगी’ म्हणून लपवलेली नोंद बहुतेक वेळा नुसती झेंडा लावलेली असते, कुलूपबंद नसते. त्या फायलींत बॅंकेचे क्रमांक असतील तर ते कुणालाही वाचता येतील.

प्रश्नोत्तरे

*पाम पूर्ण मेला आहे, पण त्या काळचा विंडोज संगणक पडून आहे. काही उपयोग?*

नक्की आहे. त्याची हार्डडिस्क लिनक्सला जोडा आणि ‘पाम’ नावाचं फोल्डर शोधा. आत वापरकर्त्याच्या नावाचं फोल्डर आणि त्यात ‘बॅकअप’ असतं. त्याच्या शेजारी पत्ते आणि रोजनिशीच्या डॅट फायली असतात. तो संगणक लिनक्सचा असेल तर घरच्या फोल्डरमध्ये डॉट जे-पायलट हे लपलेलं फोल्डर बघा. मेलेल्या यंत्राच्या मागे लागण्याआधी हे करा.

*लिनक्सवर आभासी यंत्रात विंडोज चालवून सिंक केलं तर?*

चालू शकतं, पण तिथेही बटण दाबल्यावरच यंत्र दिसतं ही अडचण आहेच. उत्पादक क्रमांकाचा फिल्टर आधीच लावून ठेवावा लागतो, नाहीतर बाहेरच्या लिनक्सचा व्हायझर मोड्यूल यंत्र आधी उचलतो.

*यातली मराठी नावं नीट येतील का?*

मूळ पाम ओएसला युनिकोड येत नव्हतं, देवनागरी तर नाहीच. त्यामुळे नावं रोमनमध्येच असतील आणि एकाच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं सापडतील. शोधताना ते लक्षात ठेवा. फाइल उघडल्यावर काही चिन्हं चुकीची दिसली तर मजकूर विंडोज-१२५२ या संकेतातून यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्या, आयकॉन्व्ह ते करतो.

*म्हणजे सगळं काढल्यावर पाम वापरत राहायला हरकत नाही?*

आवड असेल तर खुशाल वापरा. फक्त एक मर्यादा माहीत असू द्या. पामच्या रोजनिशीत वर्ष सात बिटांत साठवतात आणि मोजणी १९०४ पासून आहे. त्यामुळे ती २०३१ च्या डिसेंबरअखेर संपते. तोवर दर महिन्याला तारखेचं नवं फोल्डर करून एक नक्कल काढत चला, आणि पत्ते सीएसव्ही किंवा व्हीकार्डमध्ये बाहेर काढून ठेवा. मग क्रेडल तुटलं काय किंवा सेल संपले काय, माहिती तुमच्याजवळ राहील.

इथे थांबू.